कॉन्फरन्समधल्या ओळखी टिकवायच्या कशा? ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करणारी (नेरूळ, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल)

वाशी स्टेशनसमोरच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये वर्षभर काही ना काही चालूच असतं. कंपनी पास काढून देते. आपण गळ्यात बॅज अडकवून भाषणं ऐकतो, आपल्याच कंपनीच्या चौघांबरोबर जेवतो आणि घरी येतो. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची कॉन्फरन्स अशीच पार पडते आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या माणसाला एरवी गाठायला महिने गेले असते, तो तिथे हातात चहाचा कप घेऊन एकटा उभा असतो.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या एका गोळीचे नमुने ॲक्सिलरेटेड स्टॅबिलिटीत, म्हणजे ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशा सहा महिन्यांच्या चाचणीत, शेवटच्या टप्प्यावर घसरत होते. वक्त्यांच्या यादीत या विषयावरचं एक नाव दिसलं. आधीच्या आठवड्यात त्यांना चार ओळींची मेल केली: मी कोण, अडचण काय, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेत दहा मिनिटं मिळतील का. सर स्वतःहून मला शोधत आले. माझ्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेनाने आलेख काढला आणि विचारलं, "ओलावा ब्लिस्टरमधून, म्हणजे गोळीच्या पाकिटातून, शिरतोय की गोळीतच आहे, हे वेगळं करून बघितलंत का?" तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे, आणि सरांशी ओळखही टिकून आहे.

माझं मत असं की कॉन्फरन्सला जाताना आपला एक नेमका प्रश्न बरोबर हवा. "ओळखी वाढवायच्यात" एवढंच ठरवून गेलं की पाय आपोआप ओळखीच्या घोळक्याकडे वळतात. तुमचं काय? पहिलं वाक्य काय बोललात, पुढे काय झालं, हे तपशिलात लिहा.

वागळे इस्टेट, छोटं मशीन शॉप

ताई, विषय चांगला काढलात. आम्ही लघुउद्योगवाले प्रदर्शनाला जातो ते काम मिळवायला. मी खिशात आमच्याकडे लेथवर टर्न केलेला पितळी बुश, म्हणजे मशीनमध्ये बसणारी छोटी नळी, ठेवतो. समोरच्याच्या हातात दिला की तो बोटाने आतली फिनिश बघतो, आणि पुढचा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो: "टॉलरन्स, म्हणजे मापातला फरक, किती धरता?" ब्रोशर देऊन असं होत नाही.

दुसरं, कार्डाविषयी. चकचकीत लॅमिनेशनचं कार्ड छापू नका, त्याच्यावर बॉलपेन उठत नाही. मॅट घ्या आणि मागची बाजू कोरी ठेवा. कोणाचं कार्ड घेतलं की दोन पावलं बाजूला होऊन त्याच्या मागे लगेच लिहायचं: काय हवं, किती नग, कधी बोलायचं. संध्याकाळी खिशातून गठ्ठा निघतो तेव्हा चेहरे आठवत नाहीत.

वेळ सांभाळा. सकाळी उद्घाटनाची गर्दी असते, मालक मंडळी पाहुण्यांत अडकलेली असतात. जेवणानंतर तीन-साडेतीनला स्टॉलवर माणसं बसलेली असतात, तेव्हा जा. निर्णय घेणारा माणूसही बहुधा तेव्हाच सापडतो.

ऐरोली, एचआर

या विषयावर एक जुना अभ्यास आहे, तो सांगते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? १९७३ च्या त्यांच्या निबंधात आकडे आहेत. वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. कारण सरळ आहे. रोज डबा एकत्र खाणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. नमुना लहान होता आणि काळ जुना, तरी इथल्या माइंडस्पेस ऑफिस संकुलात भरती करताना मला हेच दिसत आलंय.

म्हणून कॉन्फरन्समध्ये आपल्या टीमबरोबर एका टेबलावर बसू नका. आमच्याकडून चौघं गेले तर मी चौघांना चार टेबलांवर बसायला सांगते. सुरुवातीला कुरकुर होते. परतताना गाडीत मात्र चौघांकडेही सांगायला वेगवेगळं असतं.

कोपरखैरणे, सॉफ्टवेअर टेस्टर

माझ्यासारख्या अबोल लोकांसाठी एकच सांगतो. स्वयंसेवक व्हा. नोंदणीच्या टेबलावर बसलं की प्रत्येक माणूस स्वतः येऊन नाव सांगतो, बॅज आपण देतो. दुपारी त्याच माणसाजवळ जाऊन "सकाळी बॅज मीच दिला होता, सत्र कसं वाटलं?" एवढं म्हणायला मला अजिबात जड जात नाही. आयोजकांना अशी माणसं हवीच असतात, महिनाभर आधी मेल टाका.

ठाणे पश्चिम, डॉक्टर

आमच्यात वेगळी गंमत असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते अशा परिषदांना हजर राहून मिळतात, म्हणून हॉल भरतो. सही झाली, पॉइंट पक्के झाले की लोक ओपीडीसाठी निघतात. त्यांची घाई समजते. पण जी मंडळी थांबतात, ती खरोखर बोलायला थांबलेली असतात. दुसऱ्या सत्रानंतर हॉलमध्ये उरलेल्यांशी जरूर बोला.

आपल्या अभ्यासाचं पोस्टर लावत असाल तर त्याच्या शेजारी उभ्या राहा, पण पाठ म्हणून दाखवू नका. मी येणाऱ्याला विचारते, "तुमच्याकडे असे पेशंट येतात का?" कळव्याच्या, पनवेलच्या डॉक्टरांनी आपापल्या केसेस तिथेच सांगितल्या. त्यातल्या एका मॅडमबरोबर आता आम्ही अवघड केसेसवर नियमित चर्चा करतो, रुग्णाची ओळख गाळून. ए-झिरो आकाराच्या कागदावर मुंग्यांसारखी अक्षरं छापू नका, एवढी विनंती.

उरण, कस्टम्स क्लिअरिंग

बायकांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात अजूनही हॉलमध्ये आम्ही मोजक्याच असतो.

नेटवर्किंग डिनर रात्री आठनंतर सुरू होतं आणि मला उरणला परतायचं असतं. सगळे म्हणतात खरी बोलणी तिथेच होतात. मी ते मानत नाही. सकाळी नोंदणी सुरू होताच पोचते. तेव्हा वक्ते, आयोजक, स्टॉलवाले सगळे मोकळे असतात, कोणाला घाई नसते. न्हावा शेवातल्या एका मोठ्या आयातदाराच्या लॉजिस्टिक्स प्रमुखांशी माझं पहिलं बोलणं पोह्यांच्या टेबलावर झालं. त्यांचे कंटेनर कशावरून अडकतात हे मी विचारलं आणि नुसतं ऐकलं. काम नंतर आलं.

नंबर द्यायचा की नाही हे आपण ठरवायचं. मी लिंक्डइनचा क्यूआर आणि ऑफिसची मेल देते, व्हॉट्सॲप पुढे गरज पडली तर. आणि स्टॉलवर कोणी बॅज स्कॅन करायला मशीन पुढे केलं की "ही माहिती कशासाठी वापरणार?" हे विचाराच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे. आणि आपणही न विचारता कोणाचा नंबर ग्रुपमध्ये टाकू नये.

वागळे इस्टेट, छोटं मशीन शॉप

ग्रुपमध्ये टाकण्याबद्दल शंभर टक्के सहमत. प्रदर्शनाहून घरी पोचेपर्यंत अनोळखी ग्रुपात भरती झालेली असते.

नौपाडा, सीए

सगळे भेटीवर लिहितायत, मी नंतरच्या मेलवर लिहितो, कारण ओळख तिथेच सुटते. दोन दिवसांत मेल गेलीच पाहिजे. "भेटून आनंद झाला, संपर्कात राहू" ही मेल कोणी वाचत नाही. मी असं लिहितो: "शनिवारी जेवणाच्या वेळी आपण निर्यातदाराच्या जीएसटी परताव्यावर बोललो. मी म्हटलेलं परिपत्रक सोबत जोडलं आहे. तुमच्या प्रकरणात दुसरा परिच्छेद लागू पडावा." बस. मागणं काहीच नाही. कबूल केलेली वस्तू पाठवली की माणूस लक्षात ठेवतो.

आणखी एक सवय. दोन अनोळखी माणसांची गरज एकमेकांशी जुळत असेल, तर दोघांना विचारून त्यांची गाठ घालून द्यावी. मला त्यात पैसा मिळत नाही, पण पुढच्या वेळी दोघंही मला हाक मारतात.

आणि मोठ्या परिषदेची वाट बघत बसू नका. आमच्या सीए लोकांच्या संस्थेच्या ठाणे आणि नवी मुंबई शाखांची छोटी व्याख्यानं होत असतात. तिथे तेच चेहरे पुन्हा भेटतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतरच माणूस मोकळा होतो.

घणसोली, इंजिनिअरिंग शेवटचं वर्ष

सगळ्यांचे अनुभव वाचले, धन्यवाद. एक विचारू का? माझ्याकडे कार्ड नाही, अनुभव नाही, द्यायला काहीच नाही. मोठ्या लोकांसमोर काय बोलायचं?

धागा सुरू करणारी

अरे, द्यायला आहे की. त्यांचं भाषण तू लक्ष देऊन ऐकलंस, हेच दे. "सर, तुम्ही तिसऱ्या स्लाइडवर म्हणालात ते आमच्या प्रोजेक्टमध्ये उलटं येतंय" असं म्हटलं तर कोणताही जाणकार माणूस थांबेल. बायोडेटा लगेच पुढे करू नकोस. आधी प्रोजेक्टबद्दल बोल, मग "तुमच्या क्षेत्रात यायचं तर आत्ता काय शिकू?" असं विचार, आणि ते शिकलास की महिन्याभराने त्यांना कळव.

परत जाताना ट्रान्सहार्बरची लोकल पकडशील तेव्हा आजूबाजूला बघ. वाशी-ठाणे अर्ध्या तासात कोणाच्या तरी गळ्यात तोच बॅज असतो, आणि तिथे भाषणाबद्दल मत विचारायला प्रस्तावना लागत नाही. तुझा प्रोजेक्ट कशावर आहे ते इथे लिही, मेकॅनिकल असेल तर वागळेवाले दादा आहेतच.