अनुभव धागा: नवी नोकरी आणि घराचं कर्ज

वाकडवासी

नोकरी बदलली की पगार वाढतो, पगार वाढला की घरं बघणं सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच बँक म्हणते, "तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणा." माझं प्रकरण नुकतंच मार्गी लागलं, म्हणून सुरुवात मीच करतो.

नव्या कंपनीचा एकच पगार जमा झाला होता. पहिल्या बँकेने फाईल हातातही घेतली नाही. दुसरीने घेतली, कारण आधीची नोकरीही आयटीतलीच होती आणि मध्ये खंड नव्हता. त्यांनी अपॉइंटमेंट लेटर, दोन वर्षांचे फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला), जुन्या आणि नव्या दोन्ही पगारखात्यांची स्टेटमेंट आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मागितलं. गाडं अडलं ते या शेवटच्या कागदावर. फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) झाल्याशिवाय जुना एचआर तो देईना.

कर्जाची पात्रता काढताना सीटीसीला (कंपनी कागदावर दाखवते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजला) कोणी विचारत नाही. जॉइनिंग बोनस शून्य धरला, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) निम्मा. ज्या पॅकेजच्या जोरावर आम्ही थ्री बीएचके बघत फिरत होतो, ते बँकेच्या कागदावर टू बीएचकेचं निघालं.

प्रोबेशनवाले, कंत्राटी, सरकारी, परदेशातले, सगळ्यांनी लिहा. बँकांची नावं नकोत, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

गुरुजी

आमच्याकडे 'नवी नोकरी' तीन वर्षं चालते. शिक्षणसेवक म्हणून लागलं की तेवढा काळ नुसतं मानधन. २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये झालं, माझ्या वेळी ६,००० होतं. सरकारी नोकरी म्हणून सोयरीक लगेच जमते, कर्ज जमत नाही. सहा हजारांत हप्ता बसवणार कुठे?

वेतनश्रेणी लागली आणि त्याच शाखेतले साहेब "बसा गुरुजी" म्हणू लागले. मधल्या काळात वडिलांनी प्लॉट घेऊन ठेवला होता, म्हणून मला फक्त बांधकामासाठी कर्ज लागलं. नोकरीचे कागद त्यांनी पाच मिनिटांत बघितले. प्लॉटचे मात्र महिनाभर चाळत होते: एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी). शेजारच्या गल्लीतल्या सहकाऱ्याचा प्लॉट एनए नव्हता. पक्की नोकरी असून त्याला बँकेने परत पाठवलं, शेवटी शिक्षक पतसंस्थेने तारलं. व्याज जास्त, पण हप्ता पगारातून परस्पर कापला जातो म्हणून ते फार प्रश्न विचारत नाहीत. पतसंस्थेला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

फाईलवाली

मी काही वर्षं गृहकर्जाच्या फायली तपासत होते. नवी नोकरी हा दोष नसतो हो. एकूण अनुभव किती, उड्या किती, क्षेत्र तेच आहे का, हे बघितलं जातं. पगाराची स्लिप कोणीही छापून आणतो, म्हणून आम्ही फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडची नोंद) उघडून टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, खरंच जमा झालाय का ते बघायचो, शिवाय एचआरला मेल. कंपनी बँकेच्या यादीत नसली, आणि नवे स्टार्टअप बहुधा नसतातच, तर तेवढ्याच पगारावर निकाल वेगळा लागतो. हे मला तेव्हाही पटत नव्हतं.

चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलवर (तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या रिपोर्टवर) उमटते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर घसरत नाही, तो वर्षातून एकदा फुकटही मिळतो.

आणि हातात किती पैसे लागतील हे आधी मोजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचं ८०, त्यावरचं ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं. मुद्रांक शुल्क या किमतीत धरत नाहीत. पुण्यात ते ७ टक्के, नोंदणी फी निराळी. ही रक्कम पर्सनल लोनमधून उभी केलीत तर त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतूनच वजा होतो.

पनवेलकरीण

माझं उलटं. आधी कर्जाचं मंजुरीपत्र आलं, मग नव्या नोकरीची ऑफर. मंजुरीपत्रात बारीक अक्षरात 'नोकरी बदलल्यास कळवावे' असं होतं. मैत्रिणी म्हणाल्या, गप्प बस. मी कळवलं. बांधकाम चालू असलेलं घर, कर्जाचे पैसे स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम पुढे सरकेल तसे सुटणार, म्हणजे बँकेशी गाठ पडतच राहणार. त्यांनी नव्या कंपनीची पडताळणी केली आणि रक्कम तीच ठेवली.

इसारकाठी

म्युनिकमध्ये प्रोबेशन सहा महिन्यांचं. ते संपेपर्यंत बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत, आणि नोकरीचा करार मुदतीचा असेल तर नंतरही कुरकुर. घराच्या किमतीवर ३.५ टक्के खरेदी कर (हा जर्मनीतला सगळ्यात कमी!), नोटरी आणि दलाल, सगळं आपल्या खिशातून. व्याज पंधरा वर्षं स्थिर घेतलंय. मध्येच फेडलं तर बँक भरपाई मागते. दहा वर्षं झाली की मात्र सहा महिन्यांची सूचना देऊन मोकळं होता येतं. भारतात फ्लोटिंग गृहकर्ज आधी फेडायला दंड नाही, हे इथल्या सहकाऱ्यांना खरंच वाटत नाही.

भाडेकरू_सध्या

मी प्रोबेशनवर, बायको पाच वर्षं एकाच कंपनीत. तिला मुख्य अर्जदार करता येतं का?

फाईलवाली

येतं. पात्रता तिच्या एकटीच्या पगारावर काढून घ्या. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता साधारण ४३,४०० येतो. तो तिच्या हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत बसायला हवा. घर फक्त तिच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर ती मिळत नाही.

भाडेकरू_सध्या

आजच तिच्या स्लिपा मागवतो. घर एकट्या सुनेच्या नावावर का, हे आईला त्या एक टक्क्याच्या हिशोबाने समजावून बघतो.