मान घासून काळेपणा जाणार नाही

वर कोणीतरी मुलीच्या काळ्या पडलेल्या मानेला लिंबू आणि बेसन लावायला सांगितलंय, प्लीज तसं करू नका. माझी भाची फोंड्याला असते, वय १६, तिची मान आम्ही दोन वर्षं घासत होतो, सगळे म्हणायचे नीट आंघोळ करत नाही, पोर रडायची. शेवटी स्किनच्या डॉक्टरने बघताक्षणी सांगितलं की हा मळ नाहीये, अकॅन्थोसिस निग्रिकन्स आहे. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून मान, काखा जाड, मखमलीसारख्या काळ्या होतात. तिचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ निघालं, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, मधुमेहाच्या आधीची पायरी.

घरात सकाळ-संध्याकाळ पाव, दुपारी ताटभर शीत (भात), वर कोल्ड्रिंक. आता पाव कमी, शीत अर्धं, बांगडे-तारले आणि अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) जास्त, रोज पाऊण तास चालणं. आठ महिन्यांत मान बरीच उजळली, क्रीमशिवाय.

केस गळण्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघून घ्या, बाळंतपण, डेंग्यू किंवा क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. आणि केसांसाठी घेतात त्या बायोटिन व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांगा हां, त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.