‘व्हिंटेज’ गिटारचे भाग मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनो, आधी पट्टी हातात घ्या

आटेपाटे
काल एकाने या गिटार फोरमवर लिहिलं, “जुन्या धर्तीच्या स्ट्रॅटचा ब्रिज गेला की गिटार भिंतीला टांगायची. आपल्याकडे सुटा भाग मिळत नाही, आणि मिळाला तर बसत नाही.” खाली माना डोलावणाऱ्यांची ही रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. नव्यांसाठी: स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग.

भाग मिळतात. बसत नाहीत, कारण पाकिटावर ‘व्हिंटेज’ छापलेलं बघून मागवता आणि मोजत कोणी नाही. सहा स्क्रूंच्या ब्रिजला पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत मोजा. अमेरिकी जुन्या मापात ते ५६ मिमीच्या किंचित वर भरतं, म्हणजे २ ७/३२ इंच. आशियात बनलेल्या कितीतरी गिटारींना ते ५२.५ मिमी असतं, दिसायला कितीही १९६२ सालच्या वाटू देत. शेजारच्या दोन स्क्रूंमध्ये फरक एक मिलिमीटरही नाही, म्हणून डोळा फसतो. दोन स्क्रू बसतात, तिसरा अडतो, मग आपला बहाद्दर ड्रिल काढतो.

बॉडीची जाडीही बघा. पूर्ण जाडीची बॉडी ४४-४५ मिमी. स्वस्तातल्या पातळ बॉडीत मोठा ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) टाकलात तर मागून बाहेर डोकावणार. ट्रेमोलोची, म्हणजे ब्रिज हलवून सूर लहरवायची, दांडी अमेरिकी असेल तर १०-३२ या इंची आट्याची, आशियाई बहुधा मेट्रिक, ५ किंवा ६ मिमी. जोर लावून फिरवली की ब्लॉकचे आटे गेले.

ट्यूनरचं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचं, तेच. जुन्या क्लुसन पद्धतीच्या ट्यूनरला हेडस्टॉकमध्ये (मानेच्या टोकाच्या फळीत) भोक पावणेनऊ मिमीच्या आसपास, आताच्या बंद ट्यूनरना १०. दहाच्या भोकात जुने बसवायचे तर कन्व्हर्जन बुशिंग मिळतं, लाकडाला हात लावायची गरज नाही. उलट करायचं तर भोक मोठं करावं लागतं, आणि ते परत लहान होत नाही.

सन बासष्ट
छान. म्हणजे मापात बसलं की झालं? त्या न्यायाने दाराची कडीसुद्धा बसेल.

प्रश्न मापाचा नाहीच, मालाचा आहे. आपल्याकडे ‘व्हिंटेज ब्रिज’ म्हणून जे विकतात त्याचा ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. मूळ ब्लॉक पोलादी. सॅडल (ब्रिजवर एकेक तार टेकते ते तुकडे) वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे हवेत, इथे ओतीव ठोकळे मिळतात. मी एका ऑनलाइन दुकानातून ‘स्टील ब्लॉक’ असं स्पष्ट लिहिलेला ब्रिज मागवला. चुंबक लावला, चिकटला नाही. फोन केला तर समोरचा म्हणतो, “सर, स्टील फिनिश आहे.”

तुमच्या पट्टीने हे कळलं असतं का?

आटेपाटे
नाही. चुंबकाने कळलं ना, मग चुंबकही ठेवा खिशात. मोजू नका असं त्यातून कुठे सिद्ध होतं?

उद्यमनगर
पोलादी ब्लॉकसाठी एवढं रडायचं काय आहे? कोल्हापुरात उद्यमनगरात एमएसचा (साध्या पोलादाचा) बार द्या, ड्रॉइंग द्या, व्हीएमसीवर (संगणकी मिलिंग यंत्रावर) काढून देतात. माझा तसाच केलाय. अडचण एकच, “एक पीस? आम्ही लॉट घेतो” हे ऐकावं लागतं. ओळख काढली, चहा पाजला, झालं. फक्त तारेच्या टोकाचा गोळा ब्लॉकमध्ये किती आत बसायचा ती खोली ड्रॉइंगवर लिहा. नाहीतर तो आरपार एकच जाड भोक मारेल आणि तार निघून येईल.

ठाणे_ब्लूज
तुम्ही सगळे ब्लॉक ब्लॉक करताय. खाडीजवळ राहून बघा एकदा. माझ्या सॅडलचे उंचीचे बारके स्क्रू दर पावसाळ्यात गंजून जाम. एकदा ॲलन की फिरली आणि स्क्रूचं तोंडच गेलं. शेवटी सगळे स्टेनलेसचे टाकले. मूळ-बिळ गेलं खड्ड्यात. जुन्या धर्तीचे निकेल प्लेटिंगचे भाग इथल्या हवेसाठी नाहीतच.

सन बासष्ट
आणि आवाज? स्टेनलेस सॅडल लावलेली स्ट्रॅट मी ऐकली आहे. वरच्या तारा कानात टोचतात. वाकवलेल्या पोलादाला जी खनक आहे ती येत नाही.

ठाणे_ब्लूज
अहो, सॅडल नाही बदलले, स्क्रू म्हणालो! ३ मिमीचे स्क्रू. ते ऐकू येतात तुम्हाला?

सन बासष्ट
तारेचा सगळा भार त्याच स्क्रूंवर असतो, साहेब.

ठाणे_ब्लूज
धन्य आहात.

मिरजेची_माहेरवाशीण
हसू नका त्यांना. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) काढणाऱ्यांना घोडीवरचा केसाएवढा फरक ऐकू येतो. पण ते कानाने ठरवतात, साल विचारत नाहीत.

माझ्या टेलीचा (टेलिकास्टर गिटारीचा) नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, तडकला होता. मुंबईतल्या एका दुकानाने प्लास्टिकचा चिकटवून दिला आणि वर भरपूर पैसे घेतले. बाबांच्या ओळखीच्या कारागिराने उंटाच्या हाडाचा करून दिला. त्याने आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती. मी जुना नट आणि तारांचा संच दोन्ही दिलं, त्याने प्रत्येक तार लावून बघत खाच कापली. पहिल्यांदा एक खाच जरा सपाट राहिली तर मोकळी तार चक्क झंकारायला लागली. तो म्हणाला, “ह्यासाठी आम्ही पैसे घेतो, तुला नकोय होय?” मग नीट केली.

आटेपाटे
हे बघा! जुना भाग नमुना म्हणून दिला. मी तेच सांगतोय.

सन बासष्ट
हाडाचा नट मूळ मालाचाच आहे. तेव्हा हा माझ्या बाजूचा दाखला झाला.

एडिसनकर
मला या धाग्यात यायचंच नव्हतं, कारण आलो की कोणीतरी विचारणार, “डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येताय ना? एक छोटंसं पार्सल...” माझ्या बॅगेत मागच्या वेळी माझे कपडे कमी आणि लोकांचे पिकगार्ड (बॉडीवरचे प्लास्टिकचे पत्रे) जास्त होते.

आणि “गिफ्ट म्हणून पोस्टाने पाठवा ना” हे बंद करा आता. डिसेंबर २०१९ मध्ये परदेशातून भेटवस्तू बिनशुल्क आणायची ती सवलत काढली. उरली फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. ब्रिज दोन्हीत बसत नाही.

ठाणे_ब्लूज
काहींसाठी तो जीवरक्षकच आहे, वर बघा.

पण गंजाचं माझं अजून संपलेलं नाही. फेंडरने १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या, ‘रेलिक’ गिटारी विकायला काढल्या. आता सुटे भागही तसेच मिळतात. गंजवलेला ब्रिज, पिवळे पाडलेले नॉब. नव्यापेक्षा जास्त किंमत! लोक गंजाचे पैसे मोजतात आणि मी इथे दर जूनमध्ये तो फुकट मिळतोय म्हणून बोंबलतोय. माझे काढलेले स्क्रू विकायला ठेवू का? ‘अस्सल खाडीकाठचे’.

सन बासष्ट
रेलिकची टिंगल सोपी आहे. माझ्या गिटारीचं सगळं हार्डवेअर मावळलेलं आहे, त्यात एकच चकचकीत ब्रिज ठेवला तर डोळ्यांत खुपतो. मी झिजवलेला घेतला. माझे पैसे.

ठाणे_ब्लूज
घ्या की. पण मग ‘मूळ माल’, ‘मूळ माल’ हा जप कशाला? कारखान्यात ॲसिडने गंजवलेला माल मूळ कसा? आणि तुमच्या नव्याकोऱ्या सॅडलवर ठसा काय आहे? ‘पॅट. पेंड.’ ट्रेमोलोचं पेटंट लिओ फेंडरला १९५६ सालीच मिळालं. तुमच्याकडे अजून प्रलंबितच!

सन बासष्ट
ज्याला चार कॉर्डच्या पुढे वाजवायचं नाही त्याने ठशांची काळजी करू नये.

ठाणे_ब्लूज
चार कॉर्ड वाजतात तरी. तुमची गिटार वर्षभर भागांची वाट बघत पेटीत पडलीय, तुम्हीच मागे लिहिलं होतं.

मिरजेची_माहेरवाशीण
झालं? दोघांनी शिवणयंत्राचं तेल घ्या. काडीच्या टोकाला लावून एकेका स्क्रूला एक थेंब, मेच्या शेवटी, आणि जास्तीचं पुसून टाका. ना स्टेनलेस लागेल, ना ॲसिड.

आटेपाटे
धागा ब्रिजच्या मापाचा होता, याची नोंद घ्यावी.

वायरिंगचं राहिलंच. अमेरिकी पॉटची (आवाजाच्या नॉबखालच्या फिरत्या भागाची) मान ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी. आशियाई पॉट ७ किंवा ८ मिमीचे, त्यामुळे तिथे अमेरिकी टाकायचा तर पिकगार्डचं भोक मोठं करावं लागतं. पिकगार्डसुद्धा आठ स्क्रूंचा १९५९ पर्यंतचा की अकरा स्क्रूंचा नंतरचा, ते बघूनच मागवा. निवडीचा स्विच १९७७ पर्यंत तीन जागांचा येत होता. पाच जागांचा टाकलात तर कोणी पोलिसात देणार नाही.

उद्यमनगर
पिकगार्ड मागवायचाच कशाला? पाट्या बनवणाऱ्याकडे लेसर असतो. जुना स्कॅन करून द्या, ॲक्रिलिकमध्ये काढून देतो. तीन थरांचा नाही मिळणार, आणि स्क्रू जास्त आवळला तर तडकतो, हे आधीच सांगतो.

पॉटचं मात्र आटेपाटेंचं चुकतंय. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २५० के लॉग (कानाला सारखा चढता आवाज देणारा) पॉट मागून बघा. लिनियर पुढे करतात. “लॉग-बिग नाही, आवाज कमी-जास्त होतो ना?” होतो, पण नॉब फिरवताना सगळा फरक शेवटच्या टोकाशीच कोंबल्यासारखा वाटतो. भोक मोठं करून चांगला पॉट टाकलेला परवडतो.

आटेपाटे
मी भोक मोठं करू नका म्हणालोच नाही. हेडस्टॉकचं करू नका म्हणालो. पिकगार्ड पन्नास मिळतील.

सन बासष्ट
मान्य, मोजून मागवलं असतं तर माझा एक ब्रिज वाया गेला नसता. दुसरा चुंबकाने वाया गेला, तो तुमच्या खात्यात धरत नाही. उद्यमनगर, तुमचं ब्लॉकचं ड्रॉइंग पाठवाल का? एमएसच चालेल. निकेल मी बघतो.

उद्यमनगर
पाठवतो. पण आधी तुमची बॉडी किती जाड आहे ते मोजून सांगा. आणि दांडीचे आटे कुठले हवेत?

सन बासष्ट
१०-३२. अर्थातच.

ठाणे_ब्लूज
आणि उंचीच्या स्क्रूंना ४-४० आटे, हो ना? ते इथल्या हार्डवेअरवाल्याकडे मागा, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. सॅडल मेट्रिक घेतलेत तर ३ मिमीचे ग्रब स्क्रू कुठेही मिळतात. स्टेनलेसचे मागा.

सन बासष्ट
स्टेनलेस नको.