ठाण्याहून एका दिवसात मुंबई

घोडबंदरला राहायला आलात आणि गावाकडून पहिल्यांदाच येणाऱ्या आईबाबांना एका दिवसात एलिफंटा, गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, जुहू दाखवायचं म्हणताय. नका हो एवढं कोंबू! जुहू, सिद्धिविनायक आणि राणीची बाग वेगळ्या दिवशी. एलिफंटाला बोटीचा तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. तेही पुन्हा कधीतरी.

रविवार शक्यतो टाळा, मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. गर्दी ओसरल्यावर ठाण्याहून जलद लोकल पकडा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीजवळून) ठाण्यालाच आली, ३४ किलोमीटर. हे गाडीतच सांगा, आपण त्याच वाटेने निघालोय हे ऐकून माझ्या सासऱ्यांचे डोळे चमकले होते.

सीएसएमटीला उतरून लगेच टॅक्सी करू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने स्टेशनकडे बघा. या दोन्ही इमारती स्टीव्हन्स या एकाच वास्तुरचनाकाराच्या. मग ओव्हल मैदान: एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारती. सासूबाई इथे अर्धा तास सावलीत बसल्या, क्रिकेट बघत. जेवण, दुपारच्या उन्हात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथून गेटवे चालत. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

परतताना जवळ म्हणून चर्चगेटहून निघून दादरला गाडी बदलू नका. सीएसएमटीहूनच सुटणारी लोकल घ्या आणि गर्दीचे एक-दोन तास टळू द्या, दोघांना बसायला मिळेल.