एचबीएसएजी पॉझिटिव्ह, एसजीपीटी ४६, सोनोग्राफी नॉर्मल: टेनोफोव्हिर सुरू करायचं की थांबायचं?

तालुका_ओपीडी

पुरुष, वय ३६, व्यवसाय शेती. रक्तदानानंतर रक्तपेढीने एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह असल्याचं कळवलं. त्रास काही नाही, कावीळ झाल्याचं आठवत नाही, दारू नाही, वजन बेताचं.

यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स: एसजीपीटी ४६ (लॅबची वरची मर्यादा ५०), एसजीओटी ४१ (मर्यादा ४०). बाकी बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ४.१, प्लेटलेट १ लाख ६२ हजार, क्रिएटिनिन ०.९. एचबीईएजी (ई-अँटिजेन, विषाणू वाढत असताना बनणारं प्रथिन) निगेटिव्ह, अँटी-एचबीई (त्याविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. सोनोग्राफीत यकृत आणि प्लीहा नॉर्मल. एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती, याची मोजणी) अजून झालेला नाही.

एका ठिकाणी त्यांना सांगितलं, "ई-अँटिजेन निगेटिव्ह आहे, विषाणू झोपलेला आहे, वर्षाने या." दुसरीकडे लगेच टेनोफोव्हिर (या विषाणूची वाढ रोखणारी गोळी) लिहून दिलं. गोळी अजून घेतलेली नाही. यातलं बरोबर काय, आणि ठरवण्यासाठी कमीत कमी कोणत्या तपासण्या लागतील?

बायको २२ आठवड्यांची गरोदर आहे, तिचा एचबीएसएजी निगेटिव्ह. मुलगी ७ वर्षांची. वडील पंचेचाळिशीत जलोदराने गेले, कारण शोधलं गेलं नव्हतं.

---

यकृत_विभाग

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात वर ठेवेन. एखादा माणूस पंचेचाळिशीत जलोदराने जातो आणि त्याच्या मुलाला हेपॅटायटिस बी निघतो, तेव्हा वडिलांना सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) असण्याची शक्यता मोठी. वडील पीत होते का, एवढं मात्र विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबात यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस असणं हे उपचार सुरू करण्याचं स्वतंत्र कारण मानलेलं आहे.

आता आकडे. एसजीपीटी ४६ लॅबच्या पट्टीत बसतो, पण याच सूचनांत पुरुषांसाठी वरची मर्यादा ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली आहे. म्हणजे हा आकडा वाढलेलाच आहे. लॅबची पट्टी बहुतेक वेळा अशा "निरोगी" माणसांवरून काढलेली असते ज्यांच्यात फॅटी लिव्हर असलेलेही मिसळलेले असतात.

यकृतातला व्रण किती, याचा अंदाज हातातल्या दोन रिपोर्टांवरून निघतो. एसजीओटीला त्याच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागा. ४१ भागिले ४०, गुणिले १००, भागिले १६२: उत्तर ०.६३. याला एप्री म्हणतात. ०.५ च्या वर गेला की लक्षणीय फायब्रोसिस (यकृतातले व्रण) धरायचा, १ च्या वर सिरॉसिस. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. यकृताचा पृष्ठभाग ओबडधोबड दिसेपर्यंत सोनोग्राफीला फायब्रोसिस कळत नाही.

"ई निगेटिव्ह म्हणजे झोपलेला" ही समजूत भारतात विशेष धोक्याची. आपल्याकडे विषाणूचा जीनोटाइप डी हा उपप्रकार जास्त आढळतो आणि त्यात प्रीकोअर म्युटेशन (विषाणूच्या जनुकातला एक बदल) वारंवार दिसतं. अशा विषाणूला ई-अँटिजेन बनवता येत नाही, पण वाढता मात्र येतं. विषाणू शांत आहे असं म्हणायला डीएनए दर मिलीलिटरला २,००० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या) खाली आणि एसजीपीटी सतत नॉर्मल, हे दोन्ही वर्षभरात किमान तीन वेळा दिसायला हवं.

माझं मत: हा रुग्ण उपचाराचाच आहे, पण पहिली गोळी पोटात जाण्याआधी हे करून घ्या. डीएनए, कारण गोळी सुरू झाली की मूळचा आकडा पुन्हा कधीच मिळत नाही. एचआयव्ही, कारण एचआयव्ही असताना एकटं टेनोफोव्हिर दिलं तर एचआयव्हीमध्ये औषधाला प्रतिरोध तयार होतो. अँटी-एचसीव्ही आणि अँटी-एचडीव्ही (हेपॅटायटिस सी आणि डीसाठी). लघवीतलं प्रोटीन. जमल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी): ७ किलोपास्कलच्या वर लक्षणीय फायब्रोसिस, १२.५ च्या वर सिरॉसिस. आधी किमान तीन तास उपाशी हवं, दहा वैध मोजण्या हव्यात, आणि रिपोर्टवर आयक्यूआर (मोजण्यांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत आहे का ते वाचा. जेवून आलेल्या माणसाचं यकृत उगाच कडक दिसतं.

तपासण्यांसाठी दोन-तीन आठवडे गेले तर चालेल, एक वर्ष चालणार नाही.

---

पीसीआर_खोली

एप्री ०.६३ वर निर्णय घेण्याआधी नमुना बघा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर एसजीओटी खोटा वाढतो, कारण ते एन्झाइम लाल पेशींतही असतं. उलट काहींच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये (नळीत रक्त गोठू न देणारं रसायन) गुठळ्या करतात, मशीन त्या मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. दोन्ही चुका एप्री वरच ढकलतात. प्लेटलेट कमी आल्या की स्लाइड बघायला सांगा, शंका असेल तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजा.

डीएनएसाठी ईडीटीएची जांभळी नळी. हेपॅरिनची हिरवी नळी देऊ नका, हेपॅरिन पीसीआर (विषाणूचा डीएनए मोजायची पद्धत) अडवतं. प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा करून २ ते ८ अंशांत पाठवा. तालुक्याहून न्यायला दिवस लागणार असेल तर नमुना गोळा करणाऱ्या माणसाच्या भरवशावर न सोडता स्वतःच सेंट्रिफ्यूज करून द्या.

रिपोर्टवर एकक वाचा. जुने किट "कॉपीज" देतात. एक आययू म्हणजे साधारण पाच कॉपीज, त्यामुळे ८,००० कॉपीज पाहून २,०००ची रेघ ओलांडली असं वाटतं, प्रत्यक्षात ते १,६०० आययूच्या आसपास असतं. तसंच ३,००० वरून ६,००० झालं म्हणून घाबरू नका. तिपटीच्या आतला चढउतार मशीनचाही असू शकतो. दर वेळी एकच लॅब ठेवा.

आणखी एक: रक्तपेढीचा निकाल दुसऱ्या किटवर नव्या नमुन्यात पक्का करा, आणि गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी हेपॅटायटिस बीची लस घेतली होती का ते विचारा. लसीत तोच एस-अँटिजेन असतो, तो काही दिवस रक्तात सापडू शकतो. सोबत अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) टोटल आणि आयजीएम करा; आयजीएम ताज्या संसर्गात दिसते. टोटल पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं तर संसर्ग जुना आहे, सहा महिने थांबून खात्री करायची गरज नाही.

---

लसीकरण_सिस्टर

बायकोचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे एवढ्यावर सोडू नका. तिचं अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) करा. दोन्ही निगेटिव्ह असतील तर लस आजच सुरू: ०, १ आणि ६ महिने, दर वेळी १ मिली, दंडाच्या स्नायूत. गरोदरपणात ही लस सुरक्षित आहे. कुल्ल्यावर टोचू नका, चरबीत गेलेली लस नीट लागू होत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० किंवा जास्त आलं की ती सुरक्षित. तोपर्यंत निरोध वापरायचा. प्रसूतीच्या वेळी एचबीएसएजी पुन्हा करा, कारण मधल्या काळात संसर्ग झाला तर सगळं गणित बदलतं.

ती पॉझिटिव्ह निघाली तर: डीएनए २ लाख आययू किंवा जास्त असल्यास २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर, आणि बाळाला १२ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन), वेगवेगळ्या मांड्यांत. ती निगेटिव्ह राहिली तर इम्युनोग्लोब्युलिन नको, पण जन्माचा डोस २४ तासांच्या आत हवाच. रविवार होता, आईला सुट्टी दिली, लस उद्या देऊ, असं करून हा डोस सगळ्यात जास्त चुकतो. जन्मावेळी संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. प्रौढपणी झालेल्यांत हे प्रमाण शंभरात पाचच्याही आत असतं.

लस गोठू देऊ नका. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठून पुन्हा वितळली की दिसायला ठीक असते, पण तिची ताकद गेलेली असते. ही लस उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त वाया जाते. शंका आली तर शेक टेस्ट करा (कुपी हलवून गाळ किती लवकर बसतो ते बघा).

मुलगी, रुग्णाची आई आणि भावंडं, सगळ्यांची तपासणी करा. वस्तरा, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे. ताट, पेला, अंथरूण वेगळं करायचं काही कारण नाही, आणि हे घरातल्या मोठ्यांसमोर स्पष्ट बोलून सांगा, नाहीतर माणसाला घरातच वेगळं ताट मिळतं.

---

तालुका_ओपीडी

सगळ्यांचे आभार. वडील पीत नव्हते, विचारलं. आईचा एचबीएसएजी निगेटिव्ह, धाकट्या भावाचा पॉझिटिव्ह आला. आमच्या रुग्णाचा डीएनए ११,४०० आययू, फायब्रोस्कॅन ८.३, एचआयव्ही, सी आणि डी निगेटिव्ह.

दोन प्रश्न उरले. गोळी किती वर्षं? आणि घरचे म्हणतात, गुळवेलीचा काढा आणि गावातलं काविळीचं औषध सोबत चालू ठेवू. काय सांगू?

---

यकृत_विभाग

आता शंका उरली नाही. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम, रोज एक, ठरलेल्या वेळी. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (सुरुवात २८ जुलै २०१८) तपासणी आणि औषध सरकारी उपचार केंद्रावर मोफत आहे. भावालाही तिथेच न्या, त्याचा हिशेब वेगळा मांडा.

वर्षं मोजू नका, दीर्घकाळ घ्यायची आहे. डीएनए सापडेनासा झाला की बरेच रुग्ण मनानेच गोळी बंद करतात. विषाणू काही आठवड्यांत उसळतो, एसजीपीटी हजारांत जातो, आणि आधीच व्रण असलेलं यकृत हा धक्का सोसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून द्या: "सांगितल्याशिवाय बंद करू नये." टेनोफोव्हिरला विषाणूचा प्रतिरोध जवळजवळ आढळत नाही. डीएनए उतरत नसेल तर आधी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा.

क्रिएटिनिन तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ५० च्या खाली गेला तर डोस एक दिवसाआड करावा लागतो किंवा एन्टेकॅव्हिर या दुसऱ्या औषधावर जावं लागतं, जे उपाशीपोटी, जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर घ्यायचं. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक सतत घेऊ नये, टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी. हेपॅटायटिस बीमध्ये कर्करोग सिरॉसिसशिवायही होतो, कारण विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशीच्या गुणसूत्रांत जाऊन बसतात.

काढा बंद. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला होता, पण या रुग्णाच्या यकृतावर प्रयोग करण्याची आपल्याला मुभा नाही. शिवाय काढा चालू असताना एसजीपीटी वाढला तर दोष विषाणूचा की काढ्याचा, हेच कळत नाही. काविळीच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर तेच विषाणूला जागं करतं. कावीळ उतरवताना चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळं होतं, ते हातावर आधी चोळलेल्या आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. घरच्यांना ते करून दाखवा, वाद घालण्यापेक्षा लवकर पटतं.

---

विषाणू_अभ्यास

"हेपॅटायटिस सी १२ आठवड्यांत बरा होतो, मग बी का नाही" हे तुम्हाला हमखास विचारलं जाईल, म्हणून लिहितो. सी हा आरएनए विषाणू, पेशीच्या केंद्रकात घर करत नाही. त्याची नक्कल थांबवली की तो संपतो. बी मात्र केंद्रकात गोल, मिटलेल्या डीएनएच्या रूपात बसतो, त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. टेनोफोव्हिर नवी प्रत तयार होणं थांबवतं, मूळ साच्याला हात लावत नाही. म्हणून डीएनए शून्यावर येऊनही एचबीएसएजी पॉझिटिव्हच राहतो. गोळीवर तो जाण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एकाच्या आसपास.

सध्याच्या संशोधनाचं लक्ष्य "फंक्शनल क्युअर" आहे: उपचार संपल्यावर २४ आठवड्यांनीही एचबीएसएजी आणि डीएनए दोन्ही न सापडणं. बेपिरोव्हिरसेन हे इंजेक्शन विषाणूच्या आरएनएला चिकटून त्याचे तुकडे करवतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आठवड्याला ३०० मिलिग्रॅम, २४ आठवडे दिल्यावर साधारण दहात एकाला हे साधलं, आणि ज्यांचा एचबीएसएजी मुळात कमी होता त्यांच्यात जास्त. त्यामुळे आता एकदा एचबीएसएजीचं प्रमाण मोजून फाइलला लावून ठेवा. कोणाला चाचणीत भाग घ्यायचा असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिचा क्रमांक तपासा. चाचणीच्या औषधासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठून यायचं.

आणि पावसाळ्यात पाणी उकळून प्यायला सांगा, विशेषतः बायकोला. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेत सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा तो हेपॅटायटिस ए नसल्याचं निघालं. आज त्याला ई म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जीवघेणा ठरतो, आणि बी असलेल्या यकृतावर आला तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. रुग्णाला हेपॅटायटिस एची लसही देऊन टाका, अँटिबॉडी आधीच नसतील तर.