अनुभव धागा: कामातल्या ओळखी कशा जमल्या, कशा टिकल्या? (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

'नेटवर्किंग' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. गळ्यात बिल्ला अडकवून हॉटेलच्या हॉलमध्ये अनोळखी माणसाशी हसत बोलणं मला कधी जमलं नाही. तरी आत्ताची नोकरी ओळखीतूनच मिळाली. आधीच्या कंपनीत शेजारच्या टीममध्ये असलेल्या, फार जवळच्याही नसलेल्या माणसानं माझं नाव सुचवलं. असं इतरांचं कसं झालं ते ऐकायचंय. उपदेश नको, नेमकं काय केलंत ते लिहा. लहानमोठा कुठलाही धंदा-नोकरी चालेल.

वागळे_शेड
आमचं वागळे इस्टेटमध्ये छोटं मशीन शॉप, वडिलांपासूनचं. आजूबाजूच्या शेडी पाडून आयटीच्या काचेच्या इमारती झाल्या, आम्ही अजून लेथ आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवतो. परचेसच्या साहेबांनी नोकरी बदलली की सप्लायर त्यांच्या जागी आलेल्याकडे धावतात आणि गेलेल्याला विसरतात. वडील नव्याला भेटायचेच, पण गेलेल्यालाही गणपतीला घरी बोलवायचे, पोराच्या ॲडमिशनचं काय झालं विचारायचे. असेच एक साहेब पुढे चाकणला गेले. आज आमचं निम्म्याहून जास्त काम चाकणचं आहे.

दुसरं, शेजारच्या शेडवाल्याबद्दल. खरं तर तो आमचा स्पर्धक. त्याच्या मशीनचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) गेला की त्याचे जॉब, म्हणजे ऑर्डरचे भाग, आम्ही काढून देतो, आमचं मशीन बसलं की तो आमचे काढतो. माल ज्याचा त्याच्या नावानं जातो आणि दुसऱ्याच्या गिऱ्हाईकाला फोन करायचा नाही, एवढा एकच नियम. लिहून काही ठेवलेलं नाही.

पेमेंटचं म्हणाल तर आता कायदा आमच्या बाजूनं आहे. १ एप्रिल २०२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. पण मी कलम दाखवायच्या आधी अकाउंट्समधल्या ताईंना फोन करतो. बिल कुणाच्या टेबलावर अडकलंय हे त्यांनाच माहीत असतं. दिवाळीत मिठाईचा बॉक्स साहेबांच्या केबिनमध्ये जातो तसा त्यांच्याकडेही जातो. बॉक्सच हं, पाकीट नाही!

ऐरोलीची_टेस्टर
मुलगी लहान असताना नोकरी सोडली होती. परत यायचं ठरलं तेव्हा जुन्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण त्यावर फक्त वाढदिवस आणि गुड मॉर्निंग. तिथे 'कुठे ओपनिंग आहे का' असं टाकलं की चार अंगठे येतात आणि विषय संपतो. मग एकेकाला वेगळा मेसेज केला आणि नोकरी मागितलीच नाही. तुमच्याकडे हल्ली सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या ऑटोमेशनला काय वापरता, मी काय शिकू, एवढंच विचारलं. यावर लोक भरभरून बोलतात. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता माइंडस्पेस आयटी पार्कमधल्या एका कंपनीत लीड आहे. त्यानं स्वतःहून रेझ्युमे मागितला.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते. कुणी रेफर करणार असेल तर त्याआधी पोर्टलवरून किंवा कन्सल्टंटकडून अर्ज करू नका. एकदा नाव सिस्टीममध्ये गेलं की बऱ्याच कंपन्या नंतरचं रेफरल धरत नाहीत. आणि रेफर करणाऱ्याला जॉब आयडी, रेझ्युमे, स्वतःबद्दलच्या तीन-चार ओळी असं सगळं तयार द्या, तो त्याच्या कामातून वेळ काढतोय. मुलाखतीचं काय झालं तेही कळवा, विशेषतः नकार आला तर. बहुतेक जण इथेच गायब होतात.

घणसोली_९०_दिवस_नोटीस
बढती काम करणाऱ्याला मिळत नाही, साहेबांबरोबर चहाला जाणाऱ्याला मिळते. बाकी चालू द्या.

धागाकर्ता
@घणसोली, चहाला आम्हीही जातो हो, बढती कुठे मिळते! पण एक सांगतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. त्यातही नोकरी बदलायला मध्यम अंतरावरच्या ओळखी जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं. म्हणजे रोज ज्यांच्याबरोबर चहा होतो ते नव्हेत, आणि अगदी तोंडओळखीचेही नव्हेत.

खारघर_फिजिओ
क्लिनिक काढलं तेव्हा पहिला प्रश्न आला कटचा. काही डॉक्टरांनी सरळच विचारलं, 'टक्के किती?' डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच मनाई आहे, पण ते सगळ्यांना माहीत असूनही चालतं. मी नाही म्हटलं आणि पहिलं वर्ष फार हळू गेलं. मग एक सवय लावून घेतली. कुठल्याही डॉक्टरांकडून रुग्ण आला की काही सेशननंतर त्यांना छोटी चिठ्ठी पाठवायची: गुडघा आता किती वाकतो, दुखणं कितपत कमी आहे, पुढे काय करणार. आणि माझ्या हातातलं नसेल तर परत त्यांच्याकडेच पाठवायचं. एका ऑर्थोपेडिक सरांनी सांगितलं की इतरांकडून त्यांना काहीच कळत नाही. माझे निम्मे रुग्ण आता त्यांच्याकडून येतात. आम्ही प्रत्यक्ष भेटलोय फार कमी, तेही लिफ्टमध्ये.

न्हावाशेवा_डॉक्स
कस्टम्स ब्रोकरकडे (लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारी फर्म) एच कार्डवर होतो, म्हणजे परीक्षा पास न झालेल्या कर्मचाऱ्याचं कार्ड. कंटेनर अडकला की सीएफएसमधल्या (बंदराजवळचा कंटेनरचा डेपो) माणसांना रात्री-अपरात्री फोन लागतात. माल सुटला की आमच्यातले बरेच जण त्यांना विसरतात. मी सकाळी 'गाडी निघाली, थँक यू दादा' एवढा मेसेज टाकायचो. त्यातल्याच एकानं मला जी कार्डाच्या (एचच्या वरचं, परीक्षा पास झाल्यावर मिळणारं) परीक्षेची तारीख कळवली आणि स्वतःच्या जुन्या नोट्स दिल्या. ऑफिसात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कार्ड मिळालं की पोरगा सोडून जातो! गेलोच.

तुर्भे_नवा
वाचतोय. एक शंका: ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज बोलणाऱ्यांना लिंक्डइनवर रिक्वेस्ट कधी पाठवावी? विचित्र वाटेल का?

ऐरोलीची_टेस्टर
आधी आडनाव तरी विचारून घ्या. माझ्या फोनमध्ये एक जण अजून 'रबाळे खिडकी' म्हणून सेव्ह आहेत.