रोलर कोस्टरच्या दोन डब्यांमधल्या जोडाला मराठीत काय म्हणायचं?

पोरीला रोलर कोस्टर कशी चालते ते सांगत होतो, चाकं झाली, चेन झाली आणि दोन डब्यांच्या मधल्या भागापाशी अडलो. कपलिंग म्हटलं की तिला रेल्वेच आठवते, साखळी म्हणावं तर चढावर ओढून नेते ती साखळी वेगळीच. कुणाकडे शब्द आहे का?

— आकडा चालेल की.

— आकडा नको हो. आकडा म्हणजे अडकवायचा आणि काढायचा, इथे डबे रोज कुठे सोडतात, मेंटेनन्सला बोल्ट खोलले तरच सुटतात. शिवाय रेल्वेच्या जोडात थोडी ढिलाई असते, गाडी सुटताना हिसका बसतो तो त्याचाच. कोस्टरला ती परवडत नाही, कारण माथा ओलांडताना पुढचे डबे उताराला लागून मागच्यांना खेचतात तेव्हा जोड ताणला जातो आणि तळाशी मागचे डबे पुढच्यांना रेटतात तेव्हा तोच जोड दाबला जातो, ढिला असता तर दर वेळी ठोका बसला असता. आणि तो वर-खाली वळला पाहिजे, डावी-उजवीकडे वळला पाहिजे आणि पीळही सोसला पाहिजे. खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो बघा, पुढचा डबा पार उलटा झालेला असतो तेव्हा मागचा नुसता कललेला असतो. म्हणून दांडीच्या टोकाला गोळा आणि तो वाटीत बसवलेला. शाळेत खांद्याचा उखळीचा सांधा शिकलो ना, तोच हा. बिजागरी तर अजिबात म्हणू नका, ती एकाच अंगाने वळते.

— उखळीचा सांधा, वा, पोरीला लगेच कळेल!

— अजून एक सांगा तिला. बऱ्याच कोस्टरमध्ये मागच्या डब्यांना चाकांची एकच जोडी असते, डब्याचं दुसरं टोक शेजारच्या डब्यावर या सांध्यातूनच टेकलेलं असतं. आमच्याकडे उसाची दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकावर टेकते ना, अगदी तसं. म्हणजे हा सांधा नुसता ओढत नाही, भारही घेतो, म्हणून मला 'जोड'पेक्षा 'सांधा'च बरोबर वाटतो.

— पटलं. आणि काही गाड्यांना सांध्याच्या बाजूने जाड वायररोप असतो, सांधा तुटलाच तर डबे सुटू नयेत म्हणून, त्याला काय म्हणू?

— पाठराखीण म्हणा. ओढायचं काम तिचं नाही, पण नवरीची सोबत सोडत नाही.